मदत हवी आहे : नवऱ्याच्या सहीशिवाय रेशनकार्डातून नाव कसं कमी करायचं?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात बेदाणा शेडवर रोजंदारीवर निवडायला जाते. मारहाणीमुळे दोन वर्षांपूर्वी सासर सोडलं. मुलगी आठवीत आहे, माझ्याजवळच असते. दोघींचं आता बरं चाललंय. भाडं एकदाही थकवलेलं नाही.

अडलंय ते रेशनकार्डावर. जुनं कार्ड सातारा जिल्ह्यात, नवऱ्याकडे. आमची दोघींची नावं अजून त्यावरच आहेत, त्यामुळे आमच्या वाट्याचं धान्यही तिकडेच जातं. इथे नवीन कार्डाचा अर्ज केला, तर आधी तिकडचा नाव कमी केल्याचा दाखला आणा म्हणाले. तिकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा रोज बुडाला. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि कार्डधारकाची सही कुठाय, एवढंच विचारलं. तो सही देणार नाही. मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, त्यामुळे समजूत घालायचा सल्ला कृपया देऊ नका.

घटस्फोट झालेला नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली केस चालू आहे, कलम 23 चा अंतरिम आदेश हातात आहे. दोघींच्या आधारवर इथलाच पत्ता आहे, भाडेकरारही आहे. वकील फक्त तारखेला भेटतात.

कोर्टाच्या या आदेशावर, त्याच्या सहीशिवाय कुणाची नावं कमी झाली आहेत का? अर्ज तिकडच्या तहसीलदारांच्या नावे द्यायचा की इथल्या, आणि सोबत नेमकी कोणती कागदपत्रं जोडली होती?