पुलावर जाग येते, हे ज्ञान की नुसती सवय?

वाशीची_मावशी
सीएसएमटीला पनवेल गाडीत बसायला मिळालं की मस्जिद येईपर्यंत माझा डोळा लागतो. मानखुर्द सुटून गाडी खाडीपुलावर चढली की आपोआप जाग. 19 वर्षांत एकदाही वाशी चुकलं नाही. मधे कुर्ल्याला कोण चढलं, चौथ्या सीटवरून कोणाची जुंपली, काही पत्ता नसतो. पूल मात्र कळतो. खालचा आवाज पोकळ होतो, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. हे शिकायला मी काही बसले नव्हते. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

भाची तत्त्वज्ञानात एमए करतेय. म्हणते, "मावशी, हे ज्ञान नाही गं, सवय आहे. कुत्र्यालाही कळतं." मला रागच आला. कोण बरोबर?

तर्कटराव
भाचीला न्यायसूत्रं, म्हणजे न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ, उघडायला सांगा. इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, उपजतं ते प्रत्यक्ष ज्ञान, अशी गौतमांची व्याख्या आहे. तुम्ही मेहनत घेतलीत का, हे तिथे कोणी विचारत नाही. ते अव्यभिचारी, म्हणजे न चुकणारं, मात्र हवं. दोरीला साप म्हणालात की बाद.

पण मावशी, प्रत्यक्ष फक्त तो पोकळ आवाज. 'वाशी आलं' हे अनुमान, धुरावरून आग ओळखावी तसं. आणि न्यायदर्शनाच्या मते मन अणूएवढं, एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलेलं. झोपेत ते कानाशी कोण जोडून देतं, हे भाचीला विचारा. जरा घाम फुटू दे.

खाडीकाठ
तर्कटराव, लहान मूल असलेल्या आईला विचारा. बाहेर फटाके वाजले तरी उठत नाही, पोर कुरकुरलं की उठते. झोपेत कान चालूच असतो.

आम्ही ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. आजीला शेवटी दिसत नव्हतं, तरी ओट्यावर बसून सांगायची, "पाणी उतरलं." वासावरून. खाडीच्या चिखलात आत हवा पोचत नाही, तिथले जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो सडक्या अंड्यासारखा वास. ओहोटीला चिखल उघडा पडला की जास्त येतो. आम्हाला एरवी तो जाणवतही नाही, नाक सरावलेलं. कमीजास्त झाला की मात्र लगेच कळतं.

वाशीची_मावशी
भाचीने परीक्षाच घेतली. बाहेरचा आवाज बंद करणारे तिचे इअरफोन घालून झोपायचं. गेल्या सोमवारी तरीही पुलावर जाग आली! खिडकीतून तो घाण वास आला होता. मी खूश. काल सोमवारी पुन्हा घातले, तीच गाडी, तीच खिडकी, तर डोळे उघडले सानपाड्याला.

खाडीकाठ
काल त्या वेळेला भरती असणार. पाण्याची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. आठवड्याने ओहोटीच्या जागी भरती येते.

तर्कटराव
म्हणजे व्यभिचार झाला म्हणायचा.

वाशीची_मावशी
अहो, शब्द जरा जपून, लेडीज डब्यात वाचतेय. भरतीचं खरं निघालं, मोबाइलवर पाहिलं. सानपाड्याला उलट्या गाडीसाठी बारा मिनिटं उभी होते, भाची फोनवर नुसती हसत होती. इअरफोन तिला परत दिले.