मदत हवी आहे : फ्रीबीएसडीवरील सीरियल लॉगिन, एका पोर्टावर कचरा आणि दुसऱ्यावर शुकशुकाट

नमस्कार,

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथसूचीचा सर्व्हर मी काही वर्षांपासून हौसेने सांभाळतो. जाडजूड शब्दकोशाएवढा, पंखा नसलेला संगणक आहे. त्याला पडदा जोडण्याची सोयच नाही, पण पाठीमागे नऊ पिनांचे दोन सीरियल पोर्ट आहेत आणि त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातील कार्यप्रणाली चालते. पहिला पोर्ट, म्हणजे टीटीवाययू०, माझ्या देखभालीसाठी आहे. महिन्यातून एकदा जातो तेव्हा लॅपटॉप जोडून मी त्यावरूनच काम करतो. दुसऱ्या पोर्टावर, टीटीवाययू१ वर, भंगारातून वाचवलेले व्हीटी२२० टर्मिनल वाचनकक्षात ठेवले आहे. डेक कंपनीने हे मॉडेल १९८३ साली बाजारात आणले होते. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून पुस्तकांची नावे रोमन लिपीत दाखवावी लागतात. तरीही ज्येष्ठ सभासदांना माउस हलवण्यापेक्षा तेच बरे वाटते.

गेल्या महिन्यात मी फ्रीबीएसडी १३.२ वरून १४.० वर नेली. त्याच दिवशी दोन्ही सीरियल केबलीही बदलल्या, कारण जुन्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. नव्या केबली जवळच्या एका दुकानातून सांगून करून घेतल्या. एका दिवशी दोन बदल करू नयेत हे मला ठाऊक आहे, पण पुन्हा दीडशे किलोमीटर जायचा कंटाळा आला.

तेव्हापासूनची स्थिती अशी. पहिल्या पोर्टावर नेहमीप्रमाणे ९६०० वेग ठेवला तर यंत्र सुरू होतानाचे संदेश निव्वळ कचरा म्हणून दिसतात. लॅपटॉपवरचा वेग ११५२०० केला की तेच संदेश स्वच्छ वाचता येतात, परंतु शेवटी जिथे 'लॉगिन:' यायला हवे तिथे तीन-चार विचित्र चिन्हे उमटतात आणि पुढे काही होत नाही. दुसऱ्या पोर्टावर कचराही नाही. व्हीटी२२० चा पडदा कोरा, कोपऱ्यात फक्त लुकलुकणारा कर्सर.

कोणत्या पोर्टावर लॉगिन द्यायचे ते सांगणाऱ्या /ईटीसी/टीटीवायएस या फाइलीत दोन्ही पोर्टांसाठी पूर्वी मीच लिहिलेल्या ओळी आहेत आणि अपग्रेडमध्ये त्या तशाच राहिल्या. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत लिहीत आहे, प्रत्यक्षात ती अर्थातच रोमन आहेत. त्यांतील 'गेटी' म्हणजे पोर्टावर 'लॉगिन:' दाखवणारा प्रोग्राम आणि एसटीडी.९६०० हे त्याच्या मांडणीच्या नोंदीचे नाव.

टीटीवाययू० "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी एसटीडी.९६००" व्हीटी१०० ऑन सिक्युअर
टीटीवाययू१ "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी एसटीडी.९६००" व्हीटी२२० ऑन सिक्युअर

घरी आल्यावर एसएसएचने (नेटवर्कवरून) आत शिरून मी पुढील गोष्टी करून पाहिल्या. पहिल्या ओळीत एसटीडी.९६०० च्या जागी एसटीडी.११५२०० लिहिले आणि 'किल -एचयूपी १' दिले, म्हणजे लॉगिन सांभाळणाऱ्या इनिट या पहिल्या प्रोसेसला फाइल पुन्हा वाचण्याचा एचयूपी हा संकेत पाठवला. वाचनालयातील सेवकांना लॅपटॉप जोडून पाहायला सांगितले, तर कचरा जसाच्या तसा. म्हणून तो बदल मागे घेतला. दुसरी ओळ बंद करून पुन्हा सुरू करावी म्हणून तिच्यापुढे # टाकून एचयूपी दिला, मग # काढून पुन्हा दिला. 'पीएस' मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) गेटी आधीच्याच क्रमांकाने जिवंत, म्हणजे ती मुळी बंदच झाली नव्हती. नंतर नव्या मूळ फाइलीत 'ऑन' च्या जागी 'ऑनइफकन्सोल' असे दिसले, म्हणून तेही दुसऱ्या ओळीत लिहून पाहिले. या वेळी गेटी 'पीएस' मधून नाहीशीच झाली. शेवटी पुन्हा 'ऑन' करून ठेवले आहे. 'पीएस -एएक्सएल' मध्ये प्रतीक्षेच्या रकान्यात पहिल्या गेटीपुढे 'टीटीवायइन' आणि दुसरीपुढे 'टीटीवायडीसीडी' असे दिसते. याचा अर्थ मला लावता आलेला नाही.

वेग नेमका कोण ठरवतो, एचयूपी दिल्यावरही बदल का लागू होत नाही आणि दुसरा पोर्ट मुका का झाला, हे मला समजून घ्यायचे आहे. वाचनालय दिवसभर सुरू असल्याने सर्व्हर पुन्हा सुरू न करता हे निस्तरता आले तर उत्तम. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

अलीकडे ही फाइल कोणी वापरत नाही. 'सिस्टमसीटीएल' ने सीरियल-गेटीची सेवा टीटीवायएस० साठी सुरू करा, काम होईल.

धागालेखक

आभारी आहे, परंतु आपण सांगितलेली पद्धत सिस्टमडी ही सेवा चालवणारी यंत्रणा असलेल्या लिनक्सची आहे. फ्रीबीएसडीमध्ये सिस्टमडी नाही. तिथे कोणत्या ओळीवर लॉगिन द्यायचे हे आजही इनिट /ईटीसी/टीटीवायएस वाचूनच ठरवते. पोर्टांची नावेही निराळी आहेत.

प्रतिसाद २

आपण दिलेल्या माहितीतच बहुतेक उत्तरे आहेत. दोन पोर्टांचे दुखणे वेगवेगळे आहे, आणि एचयूपीविषयीच्या गैरसमजामुळे दोन्ही एकसारखी भासत आहेत. म्हणून आधी एचयूपी.

इनिटला एचयूपी मिळाला की ती फाइल पुन्हा वाचते हे खरे, पण वाचून काय करते ते ओळीत काय बदलले यावर अवलंबून असते. 'ऑन' ची ओळ 'ऑफ' झाली असेल तर त्या ओळीवरील प्रोसेसला ती एचयूपी पाठवते, आणि 'ऑफ' ची 'ऑन' झाली असेल तर नवी गेटी सुरू करते. मात्र फक्त आज्ञेचा रकाना बदलला असेल, उदाहरणार्थ ९६०० चे ११५२००, तर चालू असलेल्या गेटीला ती हात लावत नाही. नवी आज्ञा त्या ओळीवर पुढच्या वेळी गेटी सुरू होईल तेव्हाच लागू होते. तुमची जुनी गेटी कोणी लॉगिन करील म्हणून वाट पाहत बसली होती, त्यामुळे ती 'पुढची वेळ' कधी आलीच नाही. तुमचा पहिला बदल बरोबर होता आणि तुम्ही तो उगाच मागे घेतलात. दुसरे असे की ओळीपुढे # टाकणे म्हणजे 'ऑफ' करणे नव्हे. ओळ खोडली किंवा टिप्पणीत टाकली तर इनिट त्या ओळीच्या बाबतीत काहीच करत नाही, हे इनिटच्या मॅन पानावर (सोबतच्या माहितीपानावर) स्पष्ट लिहिले आहे. मीसुद्धा ते वाचण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ यात घालवली आहे.

आता पहिला पोर्ट. १४.० पासून बूट लोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम), कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि युजरलँड (बाकीचे प्रोग्राम) या सर्व ठिकाणी सीरियलचा मूळ वेग ९६०० ऐवजी ११५२०० झाला आहे. तुमच्या /बूट/लोडर.कॉन्फ मध्ये 'कॉमकन्सोल_स्पीड' लिहिलेले नसणार, म्हणून लोडर आणि कर्नल नव्या वेगाने बोलू लागले. पण गेटीने ताबा घेतल्यावर एसटीडी.९६०० या नोंदीप्रमाणे तिने तोच पोर्ट ९६०० वर नेला. ९६०० ला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, ११५२०० ला जेमतेम ८.७; म्हणजे सर्व्हर एक बिट पाठवतो तेवढ्यात तुमचा लॅपटॉप बारा बिट मोजतो. ती विचित्र चिन्हे त्यातूनच येतात. तिथे एसटीडी.११५२०० चालेल, पण '३वायर' ही नोंद अधिक बरी, कारण गेटीच्या नोंदी असलेल्या /ईटीसी/गेटीटॅब या फाइलीत तिचा वेग ० असा दिला आहे, म्हणजे 'कन्सोलचा जो वेग असेल तोच राहू दे'. कन्सोल म्हणजे यंत्र आपले संदेश ज्या पोर्टावर दाखवते तो. उद्या वेग पुन्हा बदलला तरी लोडरच्या फाइलीत एकाच जागी हात घालावा लागेल.

दुसऱ्या पोर्टाचे निदान 'टीटीवायडीसीडी' या शब्दात आहे. डीसीडी म्हणजे समोर कोणीतरी आहे असे सांगणारा कॅरिअरचा संकेत. मोडेमच्या काळात फोन लागला की मोडेम ही तार उंच करीत असे आणि तोपर्यंत गेटी पोर्ट उघडण्याच्या पायरीवरच थांबून राहत असे. एसटीडी घराण्यातील नोंदी आजही त्या संकेताची वाट पाहतात. माझा अंदाज असा की तुमच्या जुन्या केबलीत डीटीआरची ('मी तयार आहे' असे सांगणारी) तार पलीकडच्या डीसीडीला जोडलेली होती आणि दुकानदाराने नव्या केबलीत फक्त तीन तारा टाकल्या आहेत. ९ पिनांच्या बाजूला मल्टिमीटर लावून पाहा. सातत्य केवळ २, ३ आणि ५ या पिनांवर मिळाले आणि १ कोरडी निघाली, तर शंका उरणार नाही. केबल बदलण्याची गरज नाही, एसटीडी.९६०० च्या जागी '३वायर.९६००' लिहा. त्या नोंदीत 'एनसी' हा गुण आहे, म्हणजे कॅरिअरकडे दुर्लक्ष करा. व्हीटी२२० ची धाव १९२०० पर्यंतच आहे, तेव्हा तिथे ९६०० हेच राहू द्या; संपूर्ण पडदा भरायला दोन सेकंद लागतात आणि वाचकांना तेवढी घाई नसते.

पहिल्या पोर्टालाही तशीच केबल असून तिथे हा प्रश्न का आला नाही, असे तुम्ही विचाराल. तो पोर्ट कर्नलचा कन्सोल आहे, आणि कन्सोलवर कर्नल स्वतःच कॅरिअरची अट काढून टाकतो. 'ऑनइफकन्सोल' चा अर्थही इथेच लागतो. पोर्ट कन्सोल असेल तरच लॉगिन सुरू ठेवा, असा तो शब्द आहे. दुसरा पोर्ट कन्सोल नाही, म्हणून तो 'ऑफ' समजला गेला आणि गेटी गेली. कन्सोल कोणता आहे ते 'कॉन्सकंट्रोल लिस्ट' ने दिसेल.

हे सर्व सर्व्हर बंद न करता होईल. दोन्ही ओळी सुधारा, एचयूपी द्या आणि मग त्या दोन जुन्या गेटी त्यांच्या क्रमांकाने 'किल' करा. इनिट त्या लगेच नव्या आज्ञेने उभ्या करील. आणि एक विनंती, दुसऱ्या ओळीतला 'सिक्युअर' काढून टाका. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की या टर्मिनलवरून रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, थेट लॉगिन करता येते. वाचनकक्षात ते कशाला हवे?

धागालेखक

रविवारी वाचनालयात जाऊन आलो. मल्टिमीटरने दोन्ही केबली तपासल्या. टर्मिनलच्या केबलीत ९ पिनांची २ नंबरची पिन २५ पिनांच्या बाजूच्या २ ला, ३ ही ३ ला आणि ५ ही ७ ला जोडलेली आहे. बाकी कुठेही मीटरने आवाज दिला नाही. २ ला २ पाहून क्षणभर वाटले की दुकानदार तारा उलटसुलट करायचेच विसरला. नंतर लक्षात आले की ९ पिनांवर २ ही ऐकण्याची पिन असते आणि २५ पिनांवर २ ही बोलण्याची, तेव्हा जोडणी बरोबरच आहे. बिचाऱ्याला फोनवर जे बोललो त्याबद्दल दुकानात जाऊन क्षमा मागितली.

आपण सांगितल्याप्रमाणे ओळी बदलल्या, एचयूपी दिला आणि दोन्ही गेटी मारल्या. पाठ वळवून खुर्चीवर बसेपर्यंत व्हीटी२२० वर 'लॉगिन:' आले होते.

आता एक पुरवणी प्रश्न. वाचकांना नाव टाकायला लावण्याऐवजी या टर्मिनलवर थेट ग्रंथसूचीच उघडावी अशी व्यवस्था गेटीतून करता येईल का? सध्या टर्मिनलच्या कडेला 'वाचक' हे नाव आणि सांकेतिक शब्द कागदावर लिहून चिकटवले आहे, आणि ते मला प्रशस्त वाटत नाही.

प्रतिसाद २

करता येईल. /ईटीसी/गेटीटॅब मध्ये आपली स्वतंत्र नोंद जोडा. तिच्यात 'एएल' या गुणात त्या खात्याचे नाव द्या आणि 'टीसी' ने बाकी सारे ३वायर.९६०० वरून घ्या. मग गेटी नाव न विचारता त्या खात्याचे लॉगिन करील. त्या खात्याचा शेल (लॉगिननंतर आज्ञा घेणारा प्रोग्राम) म्हणून ग्रंथसूचीचा प्रोग्रामच ठेवा, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा वाचक आज्ञांच्या शेलवर जाणार नाही, त्याचे सत्रच संपेल आणि इनिट पुन्हा गेटी उभी करील. तो प्रोग्राम सुरू होताच कोसळत नाही ना, हे आधी एसएसएचवरून पाहून घ्या. गेटी लागोपाठ फार लवकर संपू लागली तर इनिट त्या पोर्टाची तक्रार नोंदवते आणि ३० सेकंद स्वस्थ बसते. टर्मिनल पुन्हा कोरे दिसेल आणि तुम्ही पुन्हा केबल तपासायला निघाल.

धागालेखक

जमले. दुसऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून सध्याच्या ओळी आणि गेटीटॅबमधील नोंद इथे देऊन ठेवतो. कागद काढून टाकला आहे.

टीटीवाययू० "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी ३वायर" व्हीटी१०० ऑनइफकन्सोल सिक्युअर
टीटीवाययू१ "/यूएसआर/लिबएक्झेक/गेटी वाचनकक्ष" व्हीटी२२० ऑन

वाचनकक्ष:एएल=वाचक:टीसी=३वायर.९६००: