मदत हवी: बोटीचे ४५०० सांगतायत, योग्य आहे का? (आज रात्रीच ठरवायचंय)

मुग्धा_के | संध्या. ७:१०
आम्ही आत्ता इथेच उतरलोय. उद्या सकाळच्या डॉल्फिन आणि बेटाच्या फेरीचे घरमालक ४५०० म्हणाले. किनाऱ्यावर एकाने माणशी ४०० सांगितले. तिसरा माणशी ३०० म्हणतो, पण डॉल्फिन त्यात नाहीत. रात्री ९ पर्यंत हो-नाही कळवलं नाही तर बोट दुसऱ्यांना जाईल. नाताळची गर्दी आहे त्यामुळे ते खरंही असेल. मला फक्त योग्य भाव कळायला हवाय. लुबाडून घ्यायचं नाही आणि कष्टाचे पैसे कापायचेही नाहीत. कृपया पटकन सांगा.

अजय_ठाणे | ७:१६
इथे म्हणजे कुठे? दापोली, दिवेआगर, तारकर्ली, गोवा, डॉल्फिन सगळीकडेच दाखवतात. माणसं किती? ४५०० अख्ख्या बोटीचे की कसे?

मुग्धा_के | ७:१९
देवबाग, मालवणजवळचं. ४५०० अख्ख्या बोटीचे.

भटकंती_रोहन | ७:२४
सरळ अर्धे करून मागा. २२०० वर येतात. मी कोकणात कुठेही पहिला आकडा मान्य करत नाही. पाठ फिरवून चार पावलं चाललात की हाक येतेच.

शमा_प्र | ७:२९
मी सांगते ते ऐका, डॉल्फिनचा नाद सोडा आणि स्कूबा करा. मालवणच्या किल्ल्याजवळ पाण्याखाली प्रवाळ आणि मासे इतके सुंदर दिसतात! पोहता येत नसेल तरी चालतं, प्रशिक्षक हात धरून नेतात. आमच्या मुलाने केलं, अजून त्याचंच बोलतो.

मुग्धा_के | ७:३१
स्कूबा करायचं नाहीये. भाव सांगा ना कुणीतरी.

कर्लीकाठ | ७:४०
मी देवबागचाच. माझी बोट नाही, चुलतभावाची आहे, त्यामुळे खर्च माहीत आहे. रोहनराव, अर्धे मागायच्या आधी एकदा हिशोब बघा. छोट्या फायबरच्या बोटीला आउटबोर्ड इंजिन असतं. दीड-दोन तासांच्या फेरीत आठ-दहा लिटर पेट्रोल जातं, आणि पेट्रोल शंभरीच्या वर आहे. म्हणजे बोट हलली की हजार रुपये गेले. चालवणारा आणि सोबतचा पोरगा यांची मजुरी. खाऱ्या पाण्यात इंजिन दरवर्षी उघडावं लागतं. परवाना, विमा. आणि मे अखेर ते ऑगस्ट अखेर धंदा बंद, त्या दिवसांत बोट नुसती झाकून ठेवायची. म्हणून साध्या फेरीला २५०० च्या खाली कुणी नेत असेल तर तो एकतर माणसं कोंबतो नाहीतर फेरी लवकर आटोपतो. पण ४५०० साध्या फेरीचे नव्हेत. त्यात काहीतरी धरलेलं असणार. काय काय दाखवणार ते विचारलंत का?

भटकंती_रोहन | ७:४६
तुम्ही तिथलेच, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार. पर्यटकाला दर माहीत नसतो त्याचा फायदा घेतात हे खोटं आहे का? त्याच किनाऱ्यावर एका कुटुंबाला १८०० आणि शेजारच्या गाडीतून उतरलेल्यांना ३५००, हे मी पाहिलंय.

कर्लीकाठ | ७:५२
खोटं नाही. गाडीचा नंबर बघून भाव सांगणारे आहेत, आणि मला त्याची लाज वाटते. बऱ्याच ठिकाणी मधल्या माणसाचं कमिशनही त्यात घातलेलं असतं. म्हणून तर म्हणतो, एकच आकडा ऐकून हो किंवा नाही म्हणू नका. फोड करून मागा.

सातारकर_वि | ७:५८
आमच्या बामणोलीला हा त्रासच नाही. बोट क्लबवर अख्ख्या बोटीचा दर ठरलेला, वासोटा किल्ल्याला इतके, आणखी कुठे इतके. आपण माणसं मोजायची आणि भागायचं. वन खात्याचं शुल्क वेगळं. मालवण जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातानाही ठरलेलं तिकीट असतं. देवबागला फलक लावायला काय अडचण आहे?

कर्लीकाठ | ८:०४
किल्ल्यावर जायचं ठिकाण एकच, अंतर एकच, तिथे तिकीट जमतं. बामणोलीचा शिवसागर हा जलाशय आहे, तिथे भरती-ओहोटी नाही. इथे कर्ली नदीचं मुख ओलांडून उघड्या समुद्रात जावं लागतं. डॉल्फिन कधी भोगव्यासमोर मिळतात, कधी निवतीपर्यंत जावं लागतं. पेट्रोल दुप्पट होतं. तरी फलक हवाच, हे मान्य. किमान दर आणि पुढे दर अर्ध्या तासाला इतके, असं लिहिता येईल. आमच्यात यावरून वाद झालेत.

सातारकर_वि | ८:०७
मग लावा ना! अडवलंय कुणी?

नेहा_डोंबिवली | ८:०९
मुग्धा, बेट म्हणजे त्सुनामी आयलंडच ना? २००४ च्या त्सुनामीत वर आलं म्हणतात ते?

अजय_ठाणे | ८:१२
असं सगळे सांगतात. नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असतात, मला तरी तेच कारण जास्त पटतं. भरतीला ते बरंचसं पाण्याखाली जातं. मुद्दा असा की भरतीच्या वेळी नेलं तर बेटाचे पैसे देऊन गुडघाभर पाण्यात उभं राहाल. ओहोटीची वेळ बघून निघा. आणि माणसं किती ते अजून सांगितलं नाहीत.

मुग्धा_के | ८:१५
७. त्यात दोन मुलं, ६ आणि ९ वर्षांची, आणि आई-बाबा. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

अजय_ठाणे | ८:२१
हे आधी कळायला हवं होतं, यावर सगळं बदलतं. माणशी ४०० म्हणजे तुमचे २८०० (मुलांचे पूर्ण घेतात का विचारा), पण बोट तुमची नाही. ती भरेपर्यंत थांबवतील, अनोळखी माणसं असतील, मुलं कंटाळली म्हणून परत फिरता येणार नाही. म्हाताऱ्या माणसांसोबत अख्खी बोट घ्या. तिच्यासाठी २८०० ते ३२०० देणं मला नाताळात योग्य वाटतं. ३०० वाला फक्त खाडीत फिरवून बेटावर सोडणार, ते साधारण अर्ध्या तासाचं काम, म्हणजे तोच सगळ्यात महाग.

सुलभा_जोशी | ८:२६
पैशांवरून इतकं चाललंय, पण लाईफ जॅकेटचं कुणीच बोललं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोघांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यातही किती माणसं गेली. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवाशांची संख्या लिहिलेली असते, ती वाचा. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते आजच विचारा. मोठ्यांचं जॅकेट सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. ही गोष्ट नसेल तर फुकट नेत असले तरी जाऊ नका.

भटकंती_रोहन | ८:३०
हे मात्र शंभर टक्के. जॅकेटवर घासाघीस नाही.

गौरी_औरंगाबाद | ८:३३
देवबागात शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल का? आम्ही जानेवारीत जातोय, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत.

शमा_प्र | ८:३६
गौरी, आदल्या दिवशी सांगितलं तर घरगुती मुक्कामात करून देतात. सोलकढी सांगतानाही लसूण नको म्हणा, बरेच जण घालतात.

मुग्धा_के | ८:४४
घरमालकांना फोड विचारली. ४५०० मध्ये पाच जणांचे वॉटर स्पोर्ट्स धरलेत, बनाना राईड आणि बंपर. आम्हाला ते नकोच आहेत. ते काढून ३००० म्हणाले. अख्खी बोट, सकाळी ७ ला, डॉल्फिन, निवतीची बाजू आणि येताना बेट. लहान जॅकेटं दोन आहेत म्हणाले, फोटोही पाठवला. घ्यावं ना?

अजय_ठाणे | ८:४६
घ्या.

भटकंती_रोहन | ८:४८
२७०० म्हणून बघा.

कर्लीकाठ | ८:५१
३००० रास्त आहेत, आता ताणू नका. विसार पाचशेच्या वर देऊ नका, बाकीचे उतरल्यावर. वाऱ्यामुळे बोट निघालीच नाही तर विसार परत मिळेल का ते आत्ताच बोलून घ्या. सातची वेळ चांगली आहे, उशिरा वारा सुटला की मुखाशी लाटा उभ्या राहतात. डॉल्फिन दिसले की इंजिन मंद करायला सांगा, पाठलाग केला तर ते खाली जातात. दिसतीलच अशी हमी कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका.

मुग्धा_के | ८:५५
कळवलं त्यांना. विसार ५००, वारा असेल तर परत देणार. बाबांना चढता येईल का, तेवढं सांगा.

कर्लीकाठ | ८:५९
समुद्राच्या बाजूने नको. तिथे पाण्यात उतरून, काठावरून पाय टाकून चढावं लागतं, लाटेत बोट हलते. खाडीच्या बाजूला पाणी शांत असतं, तिकडूनच बसवा म्हणून आजच सांगून ठेवा. एक प्लास्टिकचं स्टूल मागून घ्या, घरोघरी असतं. बाबांना मधल्या फळीवर बसवा, पुढच्या टोकाला आदळतं. बेटावर ते उतरले नाहीत तरी चालेल, बोटीत त्यांच्याजवळ एक माणूस थांबू दे.