चढावर पिकअप मिसिंग मारते, मिस्त्री म्हणते इंजिन खोला. खोलू का?

संत्राबाग_वरूड:
नमस्कार मंडळी. माही २००६ ची डिझेल पिकअप हाय, जुनी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये मारणारी), चार सिलिंडर, सेन्सर कॉम्प्युटर काहीच नाई, पंपापासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारते ते) सगळं मेकॅनिकल. सध्या संत्र्याचा आंबिया बहार तोडून रायलो, एक दिवसाआड नागपूरच्या कळमना मार्केटले माल न्या लागते, अन् नेमकी आताच गाडीनं मान टाकली. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटं थरथरते, पांढरा धूर मारते, मग गरम झाली की बरी चालते. वरूडहून निघालो की जलालखेड्यापर्यंत एकदम मस्त, त्याच्या पुढं चढ लागला की भक भक करत झटके मारते, दीड टन कॅरेट भरले असले तं तिसऱ्यातही ओढत नाई. बाजूले उभी करून दहा मिनिटं थांबलो की परत चालते. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं बोनेट उघडून आवाज ऐकला न् म्हणे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) गेलं, हाफ इंजिन (अर्धं इंजिन खोलून रिपेअर) करा लागते. भाव मिळायच्या टायमाले गाडी आठ दिवस खोलून ठेवणं मले परवडत नाई हो. आधी घरी काय काय तपासू, सांगा कोणी.

पाना_सतरा:
दादा, इंजिन खोलू नका एवढ्यात. मी परतवाड्याकडं डिझेल गाड्यांचंच काम करतो. नुसता आवाज ऐकून कॉम्प्रेशन गेलं म्हणणं मले पटत नाई, ते मोजा लागते. अन् कॉम्प्रेशन गेलेली गाडी दहा मिनिटं उभी केल्यानं सुधरत नाई, हे तुमचं तुम्हीच लिहिलं हाय, त्याच्यावरच विचार करा.

सगळ्यात पहिले एवढं ठरवा की मिसिंग (सिलिंडरात डिझेल नीट न पेटणं) एकाच सिलिंडरची हाय का चारही मधून मधून सोडतात. एकच सोडत असन तं नोझल, टॅपेट (वाल दाबून उघडते ते), वाल (व्हॉल्व्ह) किंवा कॉम्प्रेशन. चारही सोडत असतीन तं डिझेल पुरत नाई किंवा लाइन हवा घेते. तुमच्या गाडीत मले दोन वेगळ्या गोष्टी वाटून रायल्या, सकाळची वेगळी अन् चढावरची वेगळी.

सकाळी थंड असताना स्लोवर चालू ठेवा अन् नोझलवर येणाऱ्या पाइपचा नट सतराच्या पान्यानं (काही गाडीले एकोणीसचा लागते) एकेक करून अर्धा फेरा ढिला करा. ढिला केला की त्या सिलिंडरले डिझेल जात नाई, गाडीचा आवाज बदलला, आचके दिले तं ते सिलिंडर काम करत होतं. ज्याचा ढिला करूनही काहीच फरक पडत नाई ते आधीच मेलेलं. लगेच कसून पुढच्यावर जा. नटावर जाड फडकं धरा, डोळ्याले चष्मा लावा, अन् धारेसमोर हात अजिबात नेऊ नका. ती धार कातडीतून आत घुसते, वरून सुईच्या टोकाएवढंच दिसते पण आत डिझेल पसरते, बोट कापा लागते माणसाचं. तसं काही झालं तं दुखो न दुखो, तडक दवाखाना.

नवीन_गाडीवाला:
काका मस्त सांगितलं, माझी २०१९ ची पिकअप आहे ती पण हलकी मिस मारते, उद्या सकाळी मी पण असेच नट ढिले करून बघू का? की प्लग बदलू आधी?

पाना_सतरा:
नाई भाऊ, तुम्ही हात लावू नका!! तुमची कॉमन रेल हाय (चारही नोझलले एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल), तिच्या पाइपमधलं प्रेशर हजार बारच्या वर जाते, चालू गाडीवर तो नट ढिला करणं म्हणजे जीवाशी खेळ. तुमची स्कॅनर लावून पाहा लागते. अन् डिझेलले पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसते, दाबलेल्या हवेच्या गरमीनंच डिझेल पेटते, म्हणून तं कॉम्प्रेशन अन् नोझलच्या फवाऱ्याले इतकं महत्त्व.

तूर_सोयाबीन_घाटंजी:
माझा अनुभव सांगतो. माह्या गाडीले गेल्या पावसाळ्यात डिट्टो हेच झालतं, वीस-पंचवीस किलोमीटर गेली की दम तोडे. दोन फिल्टर बदलले, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढते तो) उघडला, काही नाई. शेवटी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं रस्त्यातच टाकीचं झाकण उघडलं तं फुस्सकन हवा आत गेली न् गाडी लागली चालाले. झाकणाच्या श्वासाच्या भोकात चिखल बसला होता, डिझेल कमी होत जाय तशी टाकीत हवाच येत नव्हती म्हणून पंपाले ओढा लागे. आणखी एक, ड्रममध्ये डिझेल भरून ठेवत असाल तं खालचं चार बोटं सोडून द्या, पाणी जड असते ते तळाशी बसते. फिल्टरच्या खालचा ड्रेन उघडून काचेच्या ग्लासात घेऊन पाहा, पाणी वेगळं दिसते.

पाना_सतरा:
घाटंजीच्या भाऊनं बरोबर सांगितलं, झाकण नक्की पाहा. सोबत फीड पंपाच्या अलीकडं एक हात पारदर्शक नळी टाका अन् गाडी रेस करून बुडबुडे येते का पाहा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, तिथं चीर असली तं डिझेल बाहेर टपकत नाई, उलटी हवा आत जाते, म्हणून खालून हात फिरवून कोरडं लागलं की लोक म्हणतात लाइन चांगली हाय.

संत्राबाग_वरूड:
केलं सगळं, आज सकाळपासून त्यातच होतो. गाडी थंड असताना एक, दोन, चार नंबरचा नट ढिला केला की इंजिन बसाले पाहे, तीन नंबरले काहीच फरक नाई. गरम झाल्यावर परत केलं तं तीनही काम करून रायलं. मग कॅरेट भरून जलालखेड्याच्या पुढं नेली, झटके सुरू झाले तसं झाकण ढिलं केलं, फुस्स आवाज आला अन् बरीचशी सुधरली, पण पूर्ण नाई. नळीत बुडबुडे दिसले, बारीक बारीक सलग. कॉम्प्रेशनची भीती अजून हाय मनात, तीन नंबरचं काय समजू?

पाना_सतरा:
तीनचं नोझल एकवर अन् एकचं तीनवर टाका. उद्या सकाळी मिसिंग एकवर गेली तं नोझल खराब, तीनवरच राहिली तं मग टॅपेट अन् कॉम्प्रेशन मोजा, डिझेलचाच गेज पाहिजे, पेट्रोलचा चालत नाई. चांगल्या इंजिनात साधारण २५ ते ३० बार (दाबाचं माप) दाखवते. एकच सिलिंडर कमी असन तं चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तं पिस्टनच्या रिंगा, नाई वाढलं तं वाल किंवा गॅस्केट (हेडखालचं सील). शेजारशेजारचे दोन कमी असले तं हेड गॅस्केट पाहा. नोझलखालचा जुना वायसर (वॉशर) परत लावू नका, तो एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाई, कॉम्प्रेशन तिथूनच निघून जाते.

संत्राबाग_वरूड:
मिसिंग एक नंबरवर गेली!! म्हणजे कॉम्प्रेशन ठीक हाय. नोझल काढून टेस्टिंगवाल्याकडं नेलं, त्यानं हातपंपावर लावून मले दाखवलं, धुक्यासारखा फवारा येण्याऐवजी पिचकारीसारखी धार पडे अन् नंतर थेंब थेंब गळत राहे. तोच पांढरा धूर, न जळलेलं डिझेल. आत टीप नवीन टाकली, प्रेशर सेट केलं. लाइनचा रबरी पाइप चेसिसच्या क्लिपजवळ चिरला होता, बोटानं वाकवला तवा चीर दिसली, नाई तं दिसत नव्हती. तो बदलला, झाकणाचं भोक तारेनं साफ केलं, वायसर चारही नवीन, हँड प्रायमरनं (डिझेल ओढायचा हातपंप) लाइनमधली हवा काढली. सकाळी एका सेल्फवर लागली, धूर नाई. पाना_सतरा काका, घाटंजीचे दादा, तुमचे लय उपकार झाले, माहा सीझन वाचला. आज रात्री साठ कॅरेट भरून निघतो, पारदर्शक नळी अजून काढली नाई, काटोलले थांबून एकदा पाहतो बुडबुडे येते का.