जुन्या लेन्समध्ये 'जीव' असतो म्हणे! मग लगन कोणाचं खराब करता?

पांढरंसोनं
परवा फोटोग्राफरांच्या एका गटात कोणीतरी लिहिलं: "ऑटोफोकसनं आपल्याला आळशी केलं. प्रत्येक नव्या पोरानं एक वर्ष तरी जुन्या हातफोकस लेन्सवर काढावं. त्या काचेत जीव असतो. नव्या लेन्स म्हणजे प्लास्टिकचे डबे." खाली बदामांचा ढीग. मी तिथं काही बोललो नाही, पण दोन दिवस झोप नाही, म्हणून इथं लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यात, खेड्यापाड्यात, 19 वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. यंदा मे महिन्यात एकाच तारखेला दोन लग्नं आली. दुसऱ्यावर माझ्याकडच्या पोराला पाठवलं. हा पठ्ठ्या असलंच काहीतरी वाचून हेलिओस 44-2, जुनी रशियन हातफोकस लेन्स, घेऊन बसलेला. मला न सांगता किटमधली लेन्स काढली अन् ती चढवली. अंतरपाट खाली आला, हार पडले, अक्षता उडाल्या. पोरानं 41 फोटो काढले. त्यातले 3 धारदार, अन् त्या तिन्हींत फोकस नवरीमागं उभ्या असलेल्या मामाच्या मिशीवर! नवरी म्हणजे लाल धूर.

पोरीच्या बापानं तूर विकून लगन केलं होतं. अल्बम पाहून काही बोलला नाही, नुसतं विचारलं, "हाराचा एक तरी आहे का?" मी 8,000 परत केले. त्यानं ते घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

आता हिशोब. 58 मिमीची लेन्स, एफ 2 म्हणजे छिद्र पूर्ण उघडं, क्रॉप म्हणजे लहान सेन्सर, दोन मीटरवर उभे. फोकसमध्ये राहते ती जागा जेमतेम 9-10 सेंटीमीटर. नवरी हार टाकायला नुसती वाकली की त्यातून बाहेर. याला तुम्ही जीव म्हणता? अन् बाजारात 'मिंट', म्हणजे नव्यासारख्या, म्हणून येणाऱ्या निम्म्या लेन्सांत बुरशी, ती वेगळी.

झाडीतला
भाऊ, तुमचं दुःख समजलं. पण गुन्हा पोराचा अन् फाशी लेन्सला? ज्याला रिंग कुठल्या बाजूला फिरते ते ठाऊक नाही त्याला तुम्ही अंतरपाटापुढं उभं केलं. तेही एकट्याला. ते कोणाचं चुकलं?

मी वडसा-देसाईगंजकडचा. दिवाळी सरली की आमच्याकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रातभर. रंगमंचावर एक लाल दिवा, एक निळा, बाकी अंधार. तिथं माझ्या मित्राची किट झूम कुई-कुई करत पुढं-मागं जाते अन् नट तोवर वाक्य संपवून आत गेलेला असतो. माझी हेलिओस पूर्ण उघडी. नट माइकजवळ येऊन उभा राहतो, दर वेळी तिथंच. एकदा रिंग बसवली, पीकिंगचा (फोकस लागलेल्या कडा कॅमेरा रंगवून दाखवतो तो) लाल रंग डोळ्यांच्या कडेवर आला की दाबायचं. एका रात्रीत 60-70 कामाचे फोटो निघतात. लेन्स 2,800 ची, अडॅप्टर 600 चा. एफ 1.8 ची 85 मिमीची नवी लेन्स घ्यायची तर बाबांना अर्धा एकर धान तुमच्याकडं गहाण ठेवायला सांगू का?

पांढरंसोनं
नट माइकजवळ उभा राहतो म्हणून निभते. तुमचं नाटक दर रात्री तेच असते हो. माझ्या नवरीला दुसरा प्रयोग नाही.

अकोल्याचा पेचकस
भांडायच्या आधी सांगा, पोराजवळ बॉडी, म्हणजे कॅमेरा, कोणता होता?

पांढरंसोनं
निकॉन डी5600.

अकोल्याचा पेचकस
मग काय बोलता राजेहो! हेलिओसचा आटा, कॅमेऱ्यात बसायचा, एम42 नावाचा. तिला सेन्सरपासून 45.46 मिमी लागते. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकते ती कडी, बसतो 46.5 वर. म्हणजे अडॅप्टर लावायच्या आधीच लेन्स एक मिलिमीटर जास्त दूर. दूरचा फोकस लागतच नाही. तो लागावा म्हणून मधात स्वस्तातली काच घातलेला अडॅप्टर येतो, त्यानं उघड्या छिद्रावर सगळं दुधाळ होते. त्यात डी5600 चा व्ह्यूफाइंडर म्हणजे बोगद्यातून पाहणं. हातफोकससाठी तो बनलेलाच नाही, पीकिंगही नाही.

कॅननचा ईएफ माउंट 44 वर, त्याच्यावर चालते. सोनीचा ई 18 वर, मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, जागाच जागा. झाडीतले भाऊ मिररलेसवर आहेत म्हणून त्यांची खुशी. दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडून रायले.

पांढरंसोनं
बरं. बॉडी चुकली असेल. पण ते 9-10 सेंटीमीटर मिररलेसवर वाढतात का?

अकोल्याचा पेचकस
नाही वाढत.

पांढरंसोनं
मग झालं.

सेवाग्रामचे मास्तर
मी आता निवृत्त. माझ्या काळी गावातल्या स्टुडिओत यशिका एफएक्स-3 असायची, ज्याची ऐपत मोठी त्याच्याकडं निकॉन एफएम2. 36 फोटोंचा रोल. त्याच रोलमध्ये अंतरपाटही यायचा, हारही यायचे, आणि नवरीच धारदार यायची, मामाची मिशी नाही. पांढरंसोनं, तुमच्या गुरूंनी तुम्हाला काय मशीन चालवायला शिकवलं, की फोटो काढायला? फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरींनी 1984 मध्ये पेशावरच्या निर्वासित छावणीत काढलेला तो हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो एफएम2 आणि 105 मिमी एफ 2.5 वर आहे. हातानं फोकस केलेला.

चिमूरकरीण
मास्तर, तुमच्या काळी लोक फोटोसाठी थांबायचे. "थांबा, हार तसाच धरा, इकडं बघा" असं फोटोवाला ओरडायचा अन् भटजीसुद्धा थांबायचे. अन् फ्लॅश लावून एफ 8 वर, म्हणजे छिद्र बारीक करून, काढायचे तुम्ही, एफ 2 वर नाही. माझ्या आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे दगडासारखे उभे आहेत.

आणि त्या मुलीचा दाखला देऊच नका. ती समोर बसून सरळ कॅमेऱ्यात बघत होती. 2002 पर्यंत तिचं नावही फोटो काढणाऱ्याला माहीत नव्हतं. लेन्सचं नाव मात्र सगळ्यांना पाठ!

सेवाग्रामचे मास्तर
विषय लेन्सचा होता, ताई.

चिमूरकरीण
मी लेन्सवरच बोलते. मी बायकांचे कार्यक्रम करते, हळद, डोहाळजेवण, बारसं. जुनी 50 मिमी वापरते, आवडते. तिचा आवाज नाही, मोठं काळं नळकांडं तोंडावर येत नाही, म्हाताऱ्या बाया लाजत नाहीत. पण मी हळदीला दोन तास घालवू शकते. फेऱ्याला मी सुद्धा नवी लेन्स लावते. दोन्ही पिशवीत ठेवले तर कोणाचं काय जाते? पुरुषांना मात्र एका बाजूनं झेंडा लावल्याशिवाय चैन नाही.

सारसवाला
गोंदियात सारस पाहतो. उडत्या पक्ष्यावर हातानं फोकस करून दाखवा, मग बोलू.

झाडीतला
उडत्या पक्ष्याचं कोण बोललं? पण धावत्या बैलाचं सांगतो. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, मी 58 मिमी एफ 8 वर ठेवतो, रिंग 10 मीटरवर, मग हात लावायचा नाही. साधारण 7 पासून 19 मीटरपर्यंत सगळं धारदार. जोडी त्यात आली की दाबायचं. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या तोंडातली शिटीसुद्धा दिसते. बाजूच्याचा ऑटोफोकस धुळीवर अडकून बसला होता.

सारसवाला
एफ 8 वर ठेवून सगळंच धारदार करायचं, तर मग तुमच्या हेलिओसचा तो 'भोवरा' कुठं गेला? त्या फिरत्या पार्श्वभूमीसाठीच घेता ना? आधी रशियन काचेचं कौतुक, तिची आखणी मूळ जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सची, अन् वापर खेड्यातल्या बॉक्स कॅमेऱ्यासारखा.

झाडीतला
तुम्ही सारस पाहा.

बुलढाणेकर
वर कोणीतरी बुरशीचं लिहिलं. माफ करा, पण ही कोकण-मुंबईची बिमारी आहे. वडिलांचा कॅमेरा 30 वर्षं कपाटात आहे, एक डाग नाही. विदर्भात कोरडी हवा. विदर्भाच्या माणसानं बुरशीला भ्यायचं कारण नाही.

झाडीतला
आला पुन्हा! भाऊ, 'विदर्भ' म्हणजे तुमचं बुलढाणा अन् अमरावती का? गडचिरोलीत तुमच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडते. जुलैत आमच्याकडं चामड्याची चप्पल चार दिवस कोपऱ्यात ठेवा, हिरवी होते. पुस्तकं, पट्टे, लेन्स, सगळ्याले पांढरे धागे. अनुशेष मोजताना आम्ही विदर्भात, बाकी येळी कोणाच्या गणतीत नाही.

बुलढाणेकर
लेन्सच्या चर्चेत अनुशेष कशाला आणता?

झाडीतला
तुम्ही 'विदर्भात बुरशी नाही' म्हटलं म्हणून आणला.

सेवाग्रामचे मास्तर
वर्ध्यातही येते हो. मी आपलं डांबरगोळ्या टाकून ठेवतो कपाटात. कधी त्रास नाही.

अकोल्याचा पेचकस
मास्तर!! काढा त्या आत्ताच. डांबरगोळीची वाफ काचेवर बसते, लेप खराब होतो. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या पुस्तकातसुद्धा लिहिलेलं असते की नॅप्थलिन अन् कापराजवळ ठेवू नका. कोणी वाचत नाही ते. माझ्याकडं अशा किती लेन्सा आल्या, उघडली की लग्नाच्या शालूचा वास!

चिमूरकरीण
आमच्याकडं तांदळाच्या कोठीत ठेवायचे.

अकोल्याचा पेचकस
तेही नको. तांदळाची भुकटी रिंगेच्या आट्यात जाते, मग रिंग फिरवताना खर्र-खर्र. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, अन् ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मधात राहिला पाहिजे. 60 च्या वर गेला की बुरशीची बारी. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करायचं, पुन्हा चालते. जुने स्टुडिओवाले कपाटात 40 वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, तेही वाईट नाही.

बुलढाणेकर
आमच्याकडं एवढं काही लागत नाही. उन्हात ठेवलं की मरते.

अकोल्याचा पेचकस
मरते, पण खाल्लेला लेप परत येत नाही. अन् आपल्या उन्हाचं दुसरं दुखणं कोणी सांगत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवली की रिंगेतलं जुनं ग्रीस पातळ होते अन् छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर उतरते. पाती चिकटली की छिद्र वेळेवर बंद होत नाही. हेलिओस 44-2 ला फरक पडत नाही, तिचं छिद्र हातानंच बंद होते, आत स्प्रिंग नाही. पण जपानी ताकुमारसारख्या ऑटोवाल्या, स्प्रिंगनं छिद्र बंद करणाऱ्या, लेन्सा अडकून बसतात. म्हणजे पूर्वेला बुरशी, पश्चिमेला तेल. घ्या वाटून.

सारसवाला
ताकुमारचं नाव काढलंच तर सांगा ना लोकांना, 50 मिमी एफ 1.4 च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम असते, किरणोत्सारी. 'जीव' म्हणता तो हाच का?

अकोल्याचा पेचकस
असते. काच पिवळी पडते त्यानं. खिडकीत काही आठवडे ऊन दाखवलं की पिवळेपणा उतरतो. वापरायला भिऊ नका, फक्त ती काच घासू-फोडू नका, अन् उशाशी घेऊन झोपू नका.

बुलढाणेकर
आता उन्हात ठेवा म्हणता. वर म्हणता उन्हात ठेवू नका.

अकोल्याचा पेचकस
सकाळचं ऊन हो! दुपारी तुम्हाले तरी कोणी चौकात उभं करते का?

पांढरंसोनं
मी लग्नाचं बोलत होतो.

चिमूरकरीण
आम्ही विसरलो नाही. त्या पोराचं काय झालं पुढं?

पांढरंसोनं
काढला नाही त्याला. रडला तो. म्हणे यूट्यूबवर सगळे असंच काढतात. मी त्याला बांधावर नेलं, म्हटलं काढ आता माझे, मी चालत येतो. 30 पैकी 4 लागले. मग उलटं केलं. मी त्याची लेन्स हातात घेतली, अन् तो चालत आला.

झाडीतला
किती लागले?

पांढरंसोनं
9.

झाडीतला
म्हणजे 19 वर्षांचा अनुभव अन् 9. काही नाही, विचारलं नुसतं.

पांढरंसोनं
हसा. पण त्या 9 मध्ये एक आहे, मागं कपाशी सगळी गोल फिरल्यासारखी, अन् पोराचं तोंड मधात. त्यानं तो व्हॉट्सॲपला लावला. चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. जीव-बीव नाही त्यात. जुनी काच कडेला नीट काम करत नाही, तिच्या दोषाला तुम्ही गुण म्हणता.

सेवाग्रामचे मास्तर
दोष असो, गुण असो, तोंड चांगलं आलं ना?

पांढरंसोनं
आलं, मास्तर. हळदीला अन् मेंदीला आणू देईन त्याला. तुमच्या त्या पोस्टवाल्यालाही सांगा, वर्षभर काढायचं तर आपल्या घरच्यांचे काढ. पण मंगलाष्टक सुरू झाल्यावर ती लेन्स कॅमेऱ्यावर दिसली तर पट्ट्यासकट विहिरीत टाकीन.

अकोल्याचा पेचकस
विहिरीत नका टाकू. बुरशी येते.

बुलढाणेकर
आमच्याकडच्या विहिरीत टाका. पाणीच नाही, काही होत नाही.