स्टिअरिंग घरी बदलायचंय, पार्किंगमध्ये (सोसायटी ग्रुप, कुडाळ)

ए-१०३: नमस्कार मंडळी. गाडीच्या स्टिअरिंगचं वरचं कोटिंग दमट हवेने चिकट झालंय, दोन ठिकाणी सालपटं निघालीत. कोल्हापूरहून त्याच मॉडेलचं जुनं स्टिअरिंग मिळालंय. नुसतं चाक, एअरबॅग नाही. उद्या पार्किंगमध्येच बसवावं म्हणतोय. हे काम पहिल्यांदाच करतोय. नट सोडायचा, ओढायचं, दुसरं बसवायचं, एवढंच ना?

बी-२०४: नटाचं काम १० मिनिटांचं. वेळ जातो तो एअरबॅग आणि मागच्या स्पायरल केबलमध्ये. एअरबॅग जुनी आणली नाहीस ते बरं केलंस, आहे तीच नव्या चाकावर चढव. आणलेलं चाक त्याच वर्षाचं, त्याच व्हेरियंटचं आहे ना? मधल्या खाचा, एअरबॅग अडकवायच्या जागा आणि बटणांचा कनेक्टर, तिन्ही जुळायला हवेत.

ए-१०३: तिन्ही जुळतात. फोटो टाकतो. सामान काय काय लागेल?

बी-२०४: बॅटरीसाठी १० नंबरचा पाना. मधल्या नटासाठी सॉकेट, १७, १९ किंवा २१, नट मोजून घे. एअरबॅगसाठी टॉर्क्स टी-३० (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) किंवा पातळ चपटा स्क्रूड्रायव्हर, काही गाड्यांत बोल्ट असतात तर काहींत स्प्रिंगची क्लिप. पांढरा मार्कर, चिकटपट्टी, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा). चाक अडकलं तर पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार.

सी-३०१: हातोडो आधी पिशवीत घाल बाबा. शाफ्टाक एक फटको बसलो काय कॉलम गेलो.

बी-२०४: काका बरोबर सांगतायत. कॉलम म्हणजे चाकामागचा दांडा (शाफ्ट) आणि त्याची नळी. अपघातात आत दबावा म्हणूनच तो बनवलेला असतो, ठोकलं की आतच सरकतो. खाऱ्या हवेने नट धरून बसला असेल तर गंज सोडवणारं तेल अगदी थोडं, ब्रशने लावायचं आणि पाऊण तास थांबायचं. फवारू नको, ते खाली केबलमध्ये उतरतं.

ए-१०३: आणि सुरुवात?

बी-२०४: पुढची चाकं सरळ, स्टिअरिंग मध्यभागी. किल्ली लावून स्टिअरिंग लॉक मोकळं कर. बटण स्टार्टची गाडी असेल तर बॅटरी काढायच्या आधीच. काच खाली ठेव, नाहीतर किल्ली आत आणि तू बाहेर. मग इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून बाजूला बांध आणि घड्याळ लावून १५ मिनिटं थांब. एअरबॅगच्या युनिटमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही त्यात थोडा वेळ चार्ज राहतो.

डी-४०२: मिस्त्री लोक थांबत नाहीत हो 😄

बी-२०४: त्यांचं त्यांच्याबरोबर. ए-१०३ने थांबायचं.

बी-२०४: अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लाव, मग एअरबॅग सोडव. मागे पिवळा कनेक्टर दिसेल, त्याचं छोटं कुलूप आधी वर उचल आणि मग कनेक्टर धरून ओढ, वायर धरून नाही. हॉर्नची वायर वेगळी असते, तीही काढ. एअरबॅग नेताना तोंड अंगापासून लांब, ठेवताना तोंड वर, आणि वर काही ठेवू नकोस. मल्टीमीटर तर अजिबात लावू नको, मीटरच्या करंटनेही ती फुटू शकते.

सी-३०१: नट सोडताना स्टिअरिंग लॉकाचो आधार घेव नको. लॉकाची पिन तुटता. दुसऱ्याक चाक धरूक सांग.

बी-२०४: आणि नट पूर्ण काढू नकोस. दोन-तीन आटे राहू देत, मग चाक दोन्ही हातांनी डावी-उजवी हलवत ओढ. एकदम सुटलं तर नाकावर येतं, नट असला की तिथेच थांबतं. त्याआधी शाफ्ट आणि चाकावर मार्करने एकच रेघ मार. शाफ्टला ३६ खाचा असतील तर एक खाच चुकली की चाक १० अंश वाकडं बसतं.

ए-१०३: सरळ रस्त्यावर वाकडं दिसलं तर एक खाच फिरवून घेतली की झालं?

बी-२०४: रेघेवर बसलं असेल तर खाच फिरवू नकोस. मग दोष अलाइनमेंटचा, तो टाय रॉडवर (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांवर) सरळ होतो. खाच फिरवलीस की स्पायरल केबलचा मध्य आणि इंडिकेटर आपोआप बंद करणारी खूणही सरकते.

डी-४०२: ही स्पायरल केबल काय भानगड?

बी-२०४: चाकामागच्या गोल डबीत चपटी रिबन गुंडाळलेली असते, एअरबॅग, हॉर्न आणि बटणांचं कनेक्शन त्यातून जातं. साधारण अडीच वेढे डावीकडे, अडीच उजवीकडे. चाक निघताच ती चिकटपट्टीने जागेवर बांध. फिरलीच तर एका टोकापर्यंत हलक्या हाताने नेऊन मोजून मध्यावर आण, बाणांच्या खुणा जुळतात. मध्य चुकला की पार्किंगमध्ये सगळं ठीक वाटतं, आणि घाटातल्या पूर्ण वळणावर रिबन तुटते. हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू.

डी-४०२: त्यापेक्षा छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग घाल की रे.

बी-२०४: एअरबॅग कायमची जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये (गाडीतल्या बदलांबद्दलचं) बसत नाही, विम्याचा क्लेमही अडकतो. नको.

सी-३०१: पुराच्या पाण्यातला चाक नाय मा? चिपळुणात २०२१त गाडये बुडाले, तसले पार्ट बाजारात फिरतत. बटणांचे पिनी बघ, हिरवे असतील तर परत दी.

ए-१०३: पिनी चकचकीत आहेत काका, आत्ताच बघितल्या. बसवताना काय बघू?

बी-२०४: जुन्या चाकावरची रेघ त्याच जागी नव्या चाकावर उतरव, मग शाफ्टच्या रेघेला ती रेघ जुळव. नट शक्यतो नवा. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच गाड्यांत ३० ते ५० न्यूटन मीटरमध्ये असतो. बॅटरी जोडताना आत कोणी नको. मग दारातून हात घालून किल्ली फिरव, शरीर एअरबॅगसमोर नको. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर गाडी हलवू नको, गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर असलेल्याला बोलव. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरही, म्हणजे चाक किती वळलंय ते सांगणारा, बघून घ्यायला सांग.

ए-१०३: सगळं आहे, टॉर्क पाना तेवढा नाही.

बी-२०४: माझा घेऊन जा, सहानंतर घरी आहे. परत देताना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून दे, ताणलेला ठेवला की आतली स्प्रिंग बसते.