इंजिनाच्या दुरुस्तीत वाचवलेला पैसा खरंच नफा असतो का?

रुळकरी:
रेल्वे कंपनीचे निकाल आले की सगळे आधी ऑपरेटिंग रेशो बघतात, म्हणजे कंपनीने १०० कमावले तर त्यातले चालवायलाच किती गेले. जितका कमी तितकं चांगलं. मला यात एक गोष्ट कायम खटकते. शेडमधली, म्हणजे इंजिनं दुरुस्त होतात तिथली, माणसं कमी केली, रोजची दुरुस्ती ढिली सोडली की हा आकडा लगेच सुधारतो, शेअरवाले खूश. इंजिन मात्र आतून झिजतच असतं आणि ती झीज ताळेबंदात कुठेच दिसत नाही, दिसते ती दोन वर्षांनी.
अमेरिकेतली युनियन पॅसिफिक घ्या. २०२१ ला रेशो ५७.२ टक्के, तेव्हाचा त्यांचा विक्रम. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारी इन्स्पेक्टरांनी नेब्रास्कातल्या बेली यार्डात तपासणी केली तर इंजिनांमधे दोषांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या वर निघालं, आणि तरी कंपनी दुरुस्तीची माणसं कमी करत होती. त्या वर्षीचा रेशो ६२.३. माझ्या मते दुरुस्तीत कपात म्हणजे पुढच्या वर्षाकडून उचललेली उधारी आहे.

ताळेबंद:
रुळकरी, दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे एकामुळे दुसरा झाला असं होत नाही ना. मधल्या काळात २०२२ ला डिझेल किती महागलं ते आठवा, शिवाय तिथे २०२० ते २०२४ या पाच वर्षांची मिळून २४ टक्के पगारवाढ झाली. रेल्वे कंपनीचे सगळ्यात मोठे खर्च पगार आणि इंधन हेच असतात. गाड्या रखडल्या म्हणून २०२२ च्या एप्रिलमधे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने, म्हणजे तिथल्या रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सुनावणी घेतली, तिथेही मुख्य मुद्दा निघाला माणसांचा, सहा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी २९ टक्के नोकऱ्या कमी केल्या होत्या, गाडी चालवायला क्रूच नाही. आणि एका यार्डातल्या तपासणीवरून अख्ख्या ताफ्याचा निकाल कसा लावणार?
दुसरं म्हणजे इंजिनं गरजेपेक्षा जास्त असतील तर ती उभी करणं शहाणपणाच आहे. सीएसएक्स या अमेरिकन रेल्वे कंपनीचा प्रमुख हंटर हॅरिसन, त्याने २०१७ ला तिथे शेकडो इंजिनं बाजूला काढली. जी सारखी बिघडतात तीच आधी उभी केलीत तर खर्चही कमी आणि चालत्या इंजिनांचा भरवसाही जास्त.

शेडमास्तर:
ताळेबंद साहेब, कागदावर तुमचं बरोबर आहे पण उभ्या इंजिनाचं शेडमधे काय होतं ते सांगतो, मी वीस वर्षं हेच काम केलंय. स्टोअरला पार्ट नाही आणि इंजिन संध्याकाळी गाडीला लावायचंय, मग उभ्या इंजिनाचा टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पार्ट) काढा, याला लावा. उद्या ट्रॅक्शन मोटर, म्हणजे चाकं फिरवणारी मोटर. सहा महिन्यांनी माल वाढला, वरून हुकूम आला की उभी इंजिनं बाहेर काढा, तेव्हा तिथे नुसता सांगाडा राहिलेला असतो. एकच काम दोनदा होतं, एकदा काढायचं आणि एकदा बसवायचं, मजुरी दोनदा.
आणि झीज दिसत नाही असं नाही हो, बघायची असेल तर दिसते. तेलाचा नमुना लॅबला पाठवला की तांबं, शिसं वाढलेलं कळतं, म्हणजे बेअरिंग चाललं. तेव्हाच उघडलं तर बेअरिंगवर भागतं. आमच्याकडे एकदा रिपोर्ट आलेला असताना गाड्यांची ओढ होती म्हणून "पुढच्या शेड्यूलला बघू" असं ठरलं आणि इंजिनाने अर्ध्या रस्त्यात क्रँकशाफ्टच, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडाच, खाल्ला. एकेरी लाइन, मागे चार गाड्या अडकल्या, क्रूचे ड्युटीचे तास भरले, दुसरा क्रू पाठवा, दुसरं इंजिन पाठवा. यातला एक पैसाही इंजिन-दुरुस्तीच्या खात्यात पडला नाही, सगळा भलत्याच खात्यांवर गेला. म्हणून दुरुस्तीचा खर्च कागदावर लहान दिसतो.

ताळेबंद:
मास्तर, पार्ट काढायचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता.
पण उलटी चूकही होते, तारीख आली म्हणून चांगलं चाललेलं इंजिन उघडायचं. उघडल्यावर नवीन गळती, ढिली वायर असले बिघाड बसवणाऱ्याच्या हातून होतात. अमेरिकेतच मायक्रोप्रोसेसर कंट्रोलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनांसाठी तपासणीची मुदत ९२ दिवसांवरून १८४ दिवस केली, ती काय आळस म्हणून केली नाही. जास्त खर्च म्हणजे जास्त काळजी हे समीकरणच मला पटत नाही.

मालवाला:
मी माल पाठवणारा माणूस. मला त्यांचा रेशो किती याच्याशी देणंघेणं नाही, वॅगन चार दिवस उशिरा आली तर माझ्या कारखान्यातली लाइन बंद पडते. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी ट्रक लावले आणि परत गेलो नाही. हे गेलेलं भाडं कुठल्या खात्यात मांडता?

रुळकरी:
मालवाला दादा, हेच तर!
ताळेबंद, हिशोबाची एक गोष्ट राहिली. रोजची दुरुस्ती त्याच वर्षी खर्चात पडते, पण मोठं ओव्हरहॉल, म्हणजे अख्खं इंजिन खोलून नव्यासारखं करणं, मालमत्तेत धरता येतं आणि घसाऱ्याने बऱ्याच वर्षांत वाटलं जातं. युनियन पॅसिफिकनेच २०२२ ला ६०० जुनी इंजिनं नव्याने बांधायला १ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. करार चांगलाच आहे, पण मॅनेजरला इथे मोह होतो बघा, तेल-फिल्टर-बेअरिंगवर कमी खर्च कर, इंजिन लवकर थकू दे, मग ते मोठ्या कामाला पाठव, यंदाचा रेशो सुंदर.

ताळेबंद:
घसाराही ऑपरेटिंग खर्चातच येतो, रेशोतून तो सुटत नाही, फक्त उशिरा येतो. मोह होऊ शकतो हे मानतो, सगळे तसंच करतात हे नाही. कुणाला तपासायचंच असेल तर निकालात गाड्यांचा सरासरी वेग आणि वॅगन यार्डात किती तास पडून राहते ते बघा, दुरुस्ती खरंच बिघडली असेल तर तिथे उमटतं.

शेडमास्तर:
वेग क्रू नसला तरी पडतो, तुम्हीच वर लिहिलंत. त्यातून इंजिनाचं काही वेगळं कळत नाही. मला एकच आकडा द्या, रस्त्यात फेल झालेली इंजिनं किती आणि त्यातली महिन्याभराच्या आत शेडमधून "ओके" होऊन गेलेली किती.